अळीच्या पोटातलं

खानदेशात ‘अळी’ हा शब्द सहसा चांगल्या बातमीत येत नाही. कापसाच्या बोंडात गुलाबी अळी, मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी, हरभऱ्यावर घाटेअळी. भादव्यापासून संक्रांतीपर्यंत पारोळा-अमळनेरकडच्या ओट्यांवर बोलणं निघतं ते या तिघींचं. किती पडली, कोणतं औषध मारलं, कितव्या फवारणीला आटोक्यात आली. आणि त्याच गावात, एखाद्या घराच्या मधल्या खोलीत, कुणीतरी प्लॅस्टिकच्या डब्यात गव्हाचा कोंडा भरून मुद्दाम अळ्या वाढवत असतं. शेजारच्या काचेच्या टाकीत एक लेपर्ड गेको, म्हणजे अंगभर ठिपक्यांची पाळीव पाल, आहे आणि त्याला आज संध्याकाळी सात अळ्या लागणार आहेत.

गेको पाळणं दिसायला सोपं. भुंकणं नाही, फिरायला नेणं नाही, वीतभर लांबीचा शांत जीव. पण त्याला भाकरी चालत नाही, भाजी चालत नाही. समोर काहीतरी जिवंत हललं पाहिजे. अळी वाटीत वळवळते, गेको मान खाली घालून तिच्याकडे एकटक बघतो, शेपटीचं टोक थरथरायला लागतं आणि पुढच्या क्षणी अळी जबड्यात असते. हे दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी जुनं होत नाही. मात्र त्या क्षणी गेकोच्या पोटात एकटी अळी जात नाही. गेल्या दोन दिवसांत अळीने जे खाल्लं ते जातं, ती जिथून आली तिथली माती जाते, तिच्यावर उडालेला फवारा जातो. म्हणून जिवंत अळ्या सुरक्षितपणे खाऊ घालणं हे बरंचसं अळीला नीट खाऊ घालणं आहे.

पहिला नियम सरळ आहे आणि खानदेशात तो मोडायचा मोह सगळ्यात जास्त होतो. शेतातली अळी आणायची नाही. कापूस वेचताना बोंडातून गुलाबी अळी फुकट मिळते, मक्याचा पोंगा उकलला की लष्करी अळी हाताला लागते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर जो धुमाकूळ घातला आणि २०१८ पासून लष्करी अळी देशात शिरली, त्यानंतर या पिकांवर फवारणीशिवाय हंगाम जाणं अवघड झालं. लष्करी अळीसाठी सर्रास वापरलं जाणारं इमामेक्टिन बेंझोएट हे कीटकनाशकच बघा. दहा लिटर पाण्यात चार ग्रॅम, एवढंच प्रमाण. ते पोटात गेल्यावर अळी काही तासांत खाणं थांबवते, पण मरायला तिला दोन-चार दिवस लागतात. या मधल्या दिवसांत ती जिवंत असते, थोडी सुस्त दिसते, सहज पकडता येते. म्हणजे हाताला सगळ्यात आधी लागणारी अळी नेमकी औषध प्यायलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शंभर किलोच्या म्हशीच्या पारडाला जे जाणवणार नाही, ते साठ ग्रॅमच्या गेकोला पुरेसं होऊ शकतं. हात-पाय थरथरणं, तोंड उघडं राहणं, उलटी, अंग ढिलं पडणं ही लक्षणं दिसेपर्यंत घरी करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. बीटी कापसातल्या प्रथिनामुळे पाल मरेल, असं काही जण म्हणतात. ते प्रथिन अळ्यांच्या आतड्यावर काम करतं, पालीच्या नाही. धोका फवाऱ्याचा आहे. आणि फवारा आपल्याच शेतातला असावा लागत नाही. शेजारच्या बांधावरून तो वाऱ्याबरोबर येतो, म्हणून ‘आमचं शेत सेंद्रिय आहे’ हे उत्तर पुरत नाही.

फवाऱ्याशिवायही काही किडे मुळातच विषारी असतात. रुईच्या झाडावरची पट्ट्यापट्ट्यांची देखणी अळी रुईचा चीक पचवते आणि त्यातलं हृदयावर परिणाम करणारं विष अंगात साठवते. तिचे भडक रंग ही पक्ष्यांना आणि सरड्यांना दिलेली ताकीद आहे. रानातला सरडा ती ताकीद ओळखतो, टाकीत जन्मलेला गेको ओळखेलच असं नाही. तुरीच्या फुलांवर आणि बाजरीच्या कणसावर येणारे हिंगे नावाचे भुंगे अंगातून असा द्रव सोडतात की माणसाच्या कातडीला फोड येतात, तो पालीच्या पोटात गेला तर आतून तेच होतं. केसाळ अळ्यांचे केस तोंडात आणि घशात रुततात. पावसाच्या तोंडावर दिव्याभोवती आलेले किडे गोळा करून देणाऱ्यांनी काजव्यापासून तर फार जपावं. अमेरिकेतल्या काजव्यांच्या काही जातींमध्ये असं विष आहे की एक काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन जातीचा मोठा पाळीव सरडा दगावल्याची नोंद आहे. आपल्याकडचा कोणता काजवा किती विषारी, हे घरी तपासत बसण्याचं कारण नाही. काजवा नकोच.

मग गांडूळ? केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावल भागात, गांडूळखताचे वाफे जागोजागी आहेत आणि मूठभर गांडुळं कुणीही देईल. पण खताच्या वाफ्यात दोन वेगळी गांडुळं असतात आणि फरक महत्त्वाचा आहे. एक लालसर, अंगावर पिवळट वळ्या असलेलं, डिवचलं की पिवळा, कुबट वासाचा द्रव सोडणारं. हे आयसेनिया. त्याच्या द्रवात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींना इजा करणारं प्रथिन आहे. बहुतेक पाली ते तोंडात घेऊन थुंकून देतात, गिळलंच तर उलटी होते. दुसरं लांब, जांभळट-तपकिरी, युड्रिलस. ते चालतं, पण शेणाच्या वाफ्यातून थेट टाकीत नाही. आधी ओल्या कागदावर एक दिवस ठेवून त्याच्या आतड्यातलं शेण बाहेर पडू द्यायचं, मग धुऊन, तुकडे करून द्यायचं. नांगरामागे निघणारं शेतातलं गांडूळ मात्र नाही, कारण त्याच्या पोटात शेतातली माती असते आणि त्या मातीत काय मुरलंय ते आपल्याला दिसत नाही.

रेशमाची अळी ही उत्तम गोष्ट. तिच्यात चरबी दीड टक्क्याच्या आसपास, पाणी ऐंशी टक्क्यांच्या वर, अंग मऊ. आजारातून उठलेल्या किंवा कमी पाणी पिणाऱ्या गेकोला तिच्यासारखं खाणं नाही. तुतीची लागवड करणारा शेतकरी ओळखीचा असेल तर त्याच्याशी बोलावं, पण एक विचारून घ्यावं. कात टाकण्याच्या वेळी अळ्यांवर आणि बिछान्यावर निर्जंतुकीकरणाची पावडर किंवा चुना टाकतात. ती टाकण्याच्या आधीच्या अळ्या हव्यात, किंवा मग अंडीपुंज आणून, बिनफवाऱ्याच्या तुतीच्या पाल्यावर घरीच वाढवाव्यात. तुतीचं एक झाड परसात असलं की तेवढं पुरतं.

घरचं रोजचं अन्न मात्र मीलवर्म. पिठात-कोंड्यात वाढणाऱ्या एका काळ्या भुंग्याची ही अळी, इंचभर लांब, सोनेरी. एका मोठ्या गेकोला दर दोन दिवसांनी सहा-आठ अळ्या म्हटलं तरी महिन्याला शंभर-सव्वाशे लागतात, आणि एवढ्यासाठी दर वेळी पुण्या-मुंबईहून पार्सल मागवण्यापेक्षा घरी वाढवणं शहाणपणाचं. उन्हाळ्यात पार्सलमधल्या निम्म्या अळ्या वाटेतच काळ्या पडलेल्या निघतात. मागवायच्याच असतील तर रात्रीच्या गाडीने येतील अशा, कोंड्यात आणि अंड्यांच्या ट्रेच्या तुकड्यांत सैल भरलेल्या, आणि उतरवून घ्यायला माणूस स्टेशनवर हजर.

वाढवायला तीन उथळ, गुळगुळीत भिंतींचे प्लॅस्टिकचे ट्रे लागतात. गुळगुळीत भिंत अळीला चढता येत नाही, भुंग्यालाही नाही. तळाशी पाच-सात सेंटिमीटर गव्हाचा कोंडा. पहिल्या ट्रेमध्ये भुंगे, दुसऱ्यात वाढत्या अळ्या, तिसऱ्यात कोष. दर दहा-बारा दिवसांनी भुंगे चाळणीने चाळून नव्या कोंड्यात टाकायचे. चाळून खाली पडलेल्या जुन्या कोंड्यात डोळ्याला न दिसणारी अंडी असतात, तो फेकायचा नाही. पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत अंड्यापासून हाताशी येण्याजोगी अळी व्हायला दोन-अडीच महिने लागतात, त्यामुळे पहिल्या दोनशे अळ्यांपैकी निम्म्या खाऊ घालायच्या नाहीत, भुंगे होऊ द्यायच्या. घाई केली की तिसऱ्या महिन्यात डबा रिकामा.

कोंडा कुठून आणता, यावर पुष्कळ अवलंबून आहे. गिरणीतला कोंडा म्हणजे गावभरच्या गव्हाचा कोंडा. कुणी गव्हाला एरंडेल चोळलेलं असतं, कुणी बोरिक पावडर लावलेली असते, कुणी कोठीत कीडनाशक गोळ्या ठेवलेल्या असतात. बोरिक पावडर भुंगे मारण्यासाठीच असते, तेव्हा तो कोंडा घातल्यावर ट्रे आठवड्यात ओस पडला तर नवल नाही. आपल्याच घरच्या, काहीही न लावलेल्या गव्हाचा किंवा दादर ज्वारीचा भरडा घ्यावा आणि वापरण्याआधी दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावा. त्याने आधीपासून असलेले सोंडे आणि पिठातले बारीक माइट मरतात. हे माइट जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त त्रास देतात. कोंड्यावर फिकट, हलती धूळ दिसली आणि गोडसर कुबट वास आला की समजायचं. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालत असेल तर त्याच्या दमटपणानेही हेच होतं, म्हणून ट्रे कूलरच्या झोतात ठेवू नये. पाण्यासाठी गाजराची किंवा लाल भोपळ्याची फोड द्यायची, साल काढून, कोंड्यावर नाही तर छोट्या झाकणावर, आणि दुसऱ्या दिवशी उचलायची. पाण्याची वाटी ठेवली तर कोंडा बुरसतो.

मुंग्या हा दुसरा शत्रू. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, आजीच्या काळात दुधाच्या फडताळाला ठेवायचे तशा. मुंग्यांचा खडू त्या खोलीत आणायचा नाही आणि डासांची कॉइल किंवा मशीनही लावायचं नाही. किडे मारायची वस्तू अळी आणि डास यांत फरक करत नाही.

ट्रे चाळताना तोंडाला रुमाल हवा. भुंग्यांच्या विष्ठेची बारीक पूड दम्याच्या माणसाला झोंबते. आणि झाकणाला जाळी हवीच. हा धान्यातला किडा आहे, वर्षाचा गहू-दादर भरून ठेवणाऱ्या घरात तो सुटला तर घरचे कधीच माफ करणार नाहीत, आणि त्यांचं चूक नसेल. तेही आधी बोलून घ्यावं. मुंग्यांना साखर घालणाऱ्या, सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरांत जिवंत अळ्या फ्रिजमध्ये ठेवणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. ज्यांना हे पटणार नाही त्यांच्यावर तो भार टाकू नये. मग गेको आणूच नये.

आता कॅल्शियम, कारण बहुतेक पाळीव गेको इथे मार खातात. शंभर ग्रॅम मीलवर्ममध्ये कॅल्शियम साधारण १७ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २८५ च्या घरात. पालीला हवं नेमकं उलट, फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. नुसत्या अळ्यांवर वाढवलेला गेको आपल्याच हाडांतलं कॅल्शियम काढून जगतो. आधी जबडा रबरासारखा लवचिक होतो, अळी पकडता येते पण चावता येत नाही. मग पाय वाकतात, पोट जमिनीवरून उचललं जात नाही, बोटं थरथरतात. हाडाचं आणखी वाकणं नंतर थांबवता येतं, वाकलेलं हाड सरळ करता येत नाही.

यावर उपाय दोन आणि दोन्ही लागतात. पहिला, अळीचं पोट भरणं. खाऊ घालण्याच्या दोन दिवस आधी लागतील तेवढ्याच अळ्या वेगळ्या डब्यात काढायच्या. ऐंशी ग्रॅम बारीक भरडा किंवा कोंबडीच्या पिलांचं खाद्य आणि वीस ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, नीट मिसळून. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये चाळीस टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे मिश्रणात आठ टक्के झालं, आणि तेवढं असल्याशिवाय दोन दिवसांत अळीच्या पोटात पुरेसं साठत नाही. सोबत गाजराची फोड आणि धुतलेला शेवग्याचा पाला. मुख्य ट्रेमध्ये हे मिश्रण घालू नये. एवढ्या कॅल्शियमवर अळ्या फार दिवस टिकत नाहीत, हे दोन-तीन दिवसांचंच खाणं आहे. पालक आणि तांदुळजा टाळावा, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. केळं इथे सहज हाताशी येतं, पण त्यात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट, शिवाय ट्रेमध्ये चिलटं होतात. केळं अळ्यांसाठी नको.

दुसरा उपाय, वरून पावडर. लहान बरणीत सात-आठ अळ्या आणि पाव चमचा बारीक कॅल्शियम कार्बोनेट, हलकंसं हलवायचं, जास्तीची पावडर झटकायची आणि लगेच द्यायच्या. मीलवर्मचं अंग गुळगुळीत असल्याने पावडर दहा मिनिटांत गळून जाते. म्हणूनच नुसत्या पावडरीवर विसंबणारे फसतात. टाकीवर अतिनील दिवा नसेल तर आठवड्यातून एक-दोनदा डी-३ जीवनसत्त्व असलेली पावडर, दिवा असेल तर महिन्यातून दोनदा. पंधरा दिवसांतून एकदा सरीसृपांसाठीची जीवनसत्त्वांची पावडर.

काय वापरायचं नाही, हे इथे जास्त ठासून सांगावं लागतं. पानाचा चुना नाही. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजतो. रांगोळी नाही, ती दगडाची पूड आहे. माणसाची साठ हजार युनिटची डी-३ ची पुडी किंवा कॅप्सूल तर मुळीच नाही. तिचा चिमूटभर भागही गेकोच्या रक्तात कॅल्शियम एवढं वाढवू शकतो की मूत्रपिंडं कडक होतात. बाजारची पावडर मिळेपर्यंत अंड्याचं टरफल चालतं. आतला पापुद्रा काढून, दहा मिनिटं उकळून, वाळवून, मिक्सरमधून काढून, मग तलम कापडातून चाळून. हाताला रवाळ लागलं तर पुन्हा वाटायचं.

बाकीच्या अळ्यांबद्दल थोडक्यात. सुपरवर्म मीलवर्मच्या दुप्पट, चरबी अठरा टक्क्यांच्या आसपास, म्हणून मोठ्या पालीलाच आणि आठवड्यातून एखाद-दोन. तो फ्रिजमध्ये मरतो, मीलवर्म मरत नाही. पालीचं पोट कुरतडून तो बाहेर येतो ही अफवा आहे, गेको आधी चावतो आणि उरलेलं काम पोटातलं आम्ल करतं. पण टाकीत मोकळा राहिलेला सुपरवर्म रात्री झोपलेल्या गेकोची बोटं किंवा शेपटी कुरतडतो, हे अगदी खरं. मधमाश्यांच्या पोळ्यातली मेणअळी पंचवीस टक्के चरबीची. तिची चटक लागलेला गेको बाकी सगळं नाकारतो, तेव्हा तिला सणावारीचं पक्वान्न समजावं. ब्लॅक सोल्जर माशीची अळी ही एकटी अशी की जिच्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा मुळातच जास्त, पण ती शहराच्या कचऱ्यावर वाढवलेली नसावी. तिचं कातडं चिवट असतं, न चावता गिळली तर विष्ठेतून तशीच अख्खी बाहेर येते.

खानदेशचं हवामान या सगळ्यावर वरचढ आहे. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पस्तिशीनंतर मीलवर्म मरायला लागतात आणि एक मेलेली अळी डब्यात कुजली की शेजारच्या दहा जातात. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, आठ-दहा अंशांत, त्या झोपी जातात आणि महिना-दोन महिने टिकतात. आठवड्यातून एकदा दिवसभर बाहेर काढून गाजर द्यायचं आणि पुन्हा आत. डब्याला बारीक भोकं, वर कापड, बाहेर मोठ्या अक्षरात नाव. वाढीचा ट्रे मात्र फ्रिजमध्ये ठेवता येत नाही. त्याला एका मोठ्या माठात दुसरा माठ, मधल्या फटीत ओली वाळू, तोंडावर ओलं गोणपाट. ट्रेऐवजी उभा डबा आतल्या माठात, पाण्याला न लागेल असा. इथली कोरडी हवा बाष्प झपाट्याने ओढते, त्यामुळे बाहेर त्रेचाळीस असताना आत तिशीच्या आसपास राहतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही, तेव्हा त्याची गरजही नसते.

गेकोला स्वतःला उष्ण बाजू एकतीस-बत्तीस अंश आणि थंड बाजू पंचवीसच्या आसपास लागते. मेमध्ये खोलीच अडतीसची झाली तर टाकीखालची तापवणारी चादर बंद करायची, टाकी घरातल्या सगळ्यात गार भिंतीला आणि जमिनीवर ठेवायची, ओल्या शहाबादी फरशीचा तुकडा आत द्यायचा, वीज गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवायची. या दिवसांत तो खाणं कमी करतो. जबरदस्ती करू नये. जाड शेपटी ही त्याची कोठी आहे, मोठा निरोगी गेको काही आठवडे तिच्यावर काढतो. पाणी तेवढं रोज बदलावं.

हिवाळा याहून फसवा. धुळ्याकडे पौषात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. गेकोचं पोट बाहेरच्या उबेवर पचवतं. उष्ण बाजू अठ्ठावीसच्या खाली गेली तर गिळलेली अळी पोटातच सडते आणि दोन-तीन दिवसांनी अख्खी, घाण वासाची उलटी होते. म्हणून थंडीत नियम असा की पुढचे अठ्ठेचाळीस तास ऊब देता येईल याची खात्री असेल तरच खायला घालायचं. वीज जायची असेल तर जेवण पुढे ढकलावं, उपाशी गेको सडक्या पोटाच्या गेकोपेक्षा बरा. थर्मोस्टॅट नसलेली चादर वापरू नये. ती पोट भाजते आणि त्याला ते वेळेवर कळत नाही.

खाऊ घालण्याची वेळ तिन्हीसांजेची. लेपर्ड गेको त्याच वेळी जागा होतो. अळीची जाडी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. पिलाला रोज पाच-सहा लहान अळ्या, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी सहा-आठ. नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी दिसली तर ती पिलासाठी किंवा अशक्त गेकोसाठी राखून ठेवावी, तिचं कवच मऊ असतं. चार-पाच सेंटिमीटर खोल, गुळगुळीत चिनी मातीची वाटी थंड बाजूला ठेवायची. तापलेल्या बाजूला ठेवली तर अळ्या वाटीतच भाजून मरतात. चिमट्याने देणार असाल तर टोक बोथट हवं, गेको झेप जोरात घेतो आणि टोकदार स्टीलवर जबडा दुखावतो. पंधरा-वीस मिनिटांत जे उरलं ते उचलायचं, आणि टाकीतून बाहेर आलेली अळी पुन्हा ट्रेमध्ये टाकायची नाही. दोन-तीन गेको असतील तर एकाच्या टाकीतली दुसऱ्याच्याही नाही. एका टाकीतला रोग दुसरीकडे पोहोचवायला एक अळी पुरते, आणि शेपटी काडीसारखी करणारा क्रिप्टो नावाचा परजीवी घरात शिरला की तो काढणं फार कठीण. टाकीच्या तळाला तापीची किंवा गिरणेची वाळू घालू नये. अळीबरोबर ती पोटात जाते आणि आतड्यात दगडासारखी बसते. फरशी बरी.

आणि सगळ्याच पाली-सरड्यांना अळी चालते असं नाही. इग्वाना पूर्ण शाकाहारी. त्याला हौसेने अळ्या घालणाऱ्यांना काही वर्षांनी त्याची मूत्रपिंडं निकामी झालेली आणि सांधे सुजलेले दिसतात. त्याला शेवगा, जास्वंदीची पानं-फुलं, घेवडा, भोपळा. शिवाय तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. बिअर्डेड ड्रॅगनच्या पिलाला बहुतांश किडे आणि थोडी भाजी, मोठेपणी ते उलट, पाचातला एक भाग किडे. त्याच्या पिलाला मीलवर्म नकोत, मऊ अळ्या द्याव्यात. त्याला सकाळी, दिवा लागल्यावर तास-दोन तासांनी खायला घालावं, आणि दिवा विझायच्या आधी दोन तास काही नाही. क्रेस्टेड गेको अठ्ठावीस-एकोणतीसच्या वर आजारी पडतो. चोवीस तास वातानुकूलित खोली देता येत नसेल तर त्याला खानदेशात आणू नये, मग अळी कितीही चांगली असो.

रानातली पाल उचलून आणणं हा तर विषयच नको. याच सातपुड्यातून लेपर्ड गेकोच्या कुळातली एक जात २०१४ मध्ये विज्ञानाला नव्याने माहीत झाली. रात्री दगडाखाली दिसणारी ती जाड शेपटीची, डोळ्यांना पापण्या असलेली पाल तिथेच राहायला हवी. घोरपड पकडणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सगळ्यात कडक तरतुदीखाली येतं.

हाताळून झालं की साबणाने वीस सेकंद हात, वाटी आणि चिमटा स्वयंपाकघराच्या मोरीत नाही, वेगळ्या बादलीत. निरोगी दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो आणि पाच वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर हा नियम एकदाही मोडायचा नाही.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकाच्या नाही, वेगळ्या काट्यावर वजन करावं आणि वहीत तारखेसह लिहावं. साठ ग्रॅमचा गेको उन्हाळा नसताना चोपन्नवर आला तर सरीसृप तपासणारा पशुवैद्य गाठावा. तो जळगावात मिळेलच असं नाही, म्हणून त्याचा नंबर गेको आणण्याआधीच शोधून ठेवावा. वजनाइतकंच सकाळचं पाहणं महत्त्वाचं. खाऊ घातल्याच्या एक-दोन दिवसांनी टाकीच्या एका कोपऱ्यात, नेहमी त्याच, गेको विष्ठा टाकतो. तपकिरी, बांधलेली, आणि तिच्या टोकाला खडूसारखा पांढरा गोळा. पांढरा भाग पिवळा आणि कडक असेल तर पाणी कमी पडतंय. विष्ठेत अख्ख्या अळ्या दिसल्या तर ऊब कमी पडतेय किंवा अळी मोठी आहे. सलग दोनदा पातळ आणि घाण वासाची असेल तर त्यातली थोडी स्वच्छ डबीत घालून तपासायला न्यावी. आणि ती नेहमीसारखी असेल तर कोपरा पुसून घ्यावा आणि संध्याकाळच्या सात अळ्या मिश्रणाच्या डब्यात किती भरल्यात ते बघावं. चांगलं खाल्लेल्या अळीच्या अंगातून पोटाची गडद रेघ दिसते.